फुतुरो: उडत्या तबकडीसारखं दिसणारं घर कशासाठी बांधलं होतं?

फिनलंडमध्ये १९६५ साली डॉ. याक्को हीदेनकारी यांनी शाळेपासूनचे मित्र मात्ती सूरोनेन यांच्याकडे एक काम सोपवलं. सूरोनेन वास्तुविशारद होते, वय बत्तीसच्या आसपास. डॉक्टरांना स्कीइंगला गेल्यावर मुक्कामाला एक छोटं घर हवं होतं. अटी दोनच: घर झटपट गरम व्हायला हवं आणि ते अवघड, उताराच्या जागेवर उभं करता यायला हवं. तीन वर्षांनी, १९६८ मध्ये, त्यातून जे तयार झालं त्याचं नाव फुतुरो. आठ मीटर व्यासाचं, सुमारे चार मीटर उंचीचं, चार पायांच्या लोखंडी कड्यावर बसवलेलं, लंबगोल खिडक्यांचं फायबरचं घर.

पुढच्याच वर्षी माणूस चंद्रावर उतरला आणि फुतुरोला 'अंतराळयुगाचं घर' हे बिरुद कायमचं चिकटलं. आजही त्याच्याबद्दल लिहिताना सुरुवात बहुतेक परग्रहवासीयांपासून होते. तो काळ अंतराळाने भारलेला होता आणि विकणाऱ्यांनी त्याचा फायदा करून घेतला, हे खरं आहे. पण या आकारातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्या दोन अटींतून येते. थंडी, बर्फ आणि उतार यांचं गणित मांडत गेलं की आपण तबकडीपाशी पोचतो. म्हणून आधी ते गणित पाहू.

अर्ध्या तासात घर गरम करायचं म्हणजे काय

सुट्टीचं घर आठवडाभर बंद असतं. बाहेर उणे २९ अंश सेल्सिअस असेल तर आतही जवळपास तेवढंच. शुक्रवारी रात्री माणसं येतात आणि त्यांना लगेच कोट काढून बसायचं असतं. फुतुरोबद्दल दावा असा होता की उणे २९ पासून अधिक १६ अंशांपर्यंत ते अर्ध्या तासात, विजेच्या हीटरवर पोचतं. म्हणजे ४५ अंशांची वाढ.

हे शक्य आहे का? घराच्या आत साधारण १२० घनमीटर हवा धरू. तिचं वजन भरतं दीडशे किलोच्या आसपास. एवढी हवा ४५ अंशांनी तापवायला जेमतेम दोन युनिट वीज लागते. ती अर्ध्या तासात द्यायची तर चार किलोवॉटचा हीटर. भिंतींतून झिरपणाऱ्या उष्णतेसाठी आणखी थोडं धरावं लागेल, तरी आकडा आवाक्यात राहतो.

आता विटांचं घर घ्या. त्यात २० टन वीट असेल आणि तीही उणे २९ अंशांवर गोठलेली असेल, तर ती सगळी ४५ अंशांनी तापवायला २०० युनिटांहून जास्त वीज लागेल. हवा लवकर तापेल, पण थंडगार भिंती तिची ऊब ओढून घेत राहतील आणि रविवारी निघायची वेळ आली तरी घर गारच असेल. जाड दगड-विटांचं घर रोज राहणाऱ्याला सुखाचं, कारण ते ऊब धरून ठेवतं. अधूनमधून येणाऱ्याला ते छळतं. सूरोनेन यांना म्हणूनच वजन नसलेली भिंत हवी होती.

वजन नको, पण उष्णता अडवणं तर हवंच. ते काम पॉलियुरेथेन फोम करतो. फोमच्या आत अडकलेले वायूचे बारीक बुडबुडे उष्णतेला वाट देत नाहीत. पाच सेंटीमीटर फोम उष्णता अडवण्यात सव्वा ते दीड मीटर जाडीच्या विटांच्या भिंतीची बरोबरी करतो.

तिसरी गोष्ट आकाराची. उष्णता पृष्ठभागातून निसटते, म्हणून तेवढ्याच जागेभोवती कमीत कमी पृष्ठभाग असलेला बरा. आठ मीटर रुंद आणि चार मीटर उंच लंबगोलाचं घनफळ सुमारे १३४ घनमीटर आणि पृष्ठभाग सुमारे १३९ चौरस मीटर येतो. एवढ्याच घनफळाची चौकोनी खोली कशीही आखा, पृष्ठभाग १५७ च्या खाली जात नाही, आणि नेहमीच्या बैठ्या घरात तो बराच वर जातो. गोल पाठीवरून वारा सहज निघून जातो आणि बर्फ साचून राहत नाही, हा वरचा फायदा.

सूरोनेन यांना हे सगळं हवेतून सुचलं नव्हतं. त्याआधी त्यांनी सेइनायोकी या गावी धान्याच्या कोठारासाठी प्लॅस्टिकचा घुमट केला होता. पातळ, वक्र, तुकड्यांत बनवून जागेवर जोडलेला. फुतुरोकडे पाहताना आठवावा तो हा कोठाराचा घुमट.

फायबर म्हणजे काय आणि तुकडा कसा बनतो

कोकणात आणि गोव्यात किनाऱ्यावर फायबरच्या होड्या सगळीकडे दिसतात. फुतुरोचं कवच त्याच कुळातलं: काचेचे धागे आणि पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारं चिकट प्लॅस्टिक. काचेचे धागे ताण सोसतात. रेझिन त्यांना जागच्या जागी धरून ठेवतं आणि पाणी बाहेर ठेवतं. एकटी काच ठिसूळ, एकटं रेझिनही ठिसूळ, पण दोन्ही एकत्र आले की चिवट.

काम साच्यापासून सुरू होतं. साच्याला मेण चोळतात, म्हणजे तुकडा पुढे सुटून येतो. त्यावर जेलकोटचा रंगीत थर देतात. घर पूर्ण झाल्यावर बाहेरून दिसतो तो हाच थर, आणि ऊन-पावसाशी पहिली गाठ त्याचीच पडते. जेलकोट अर्धवट घट्ट झाला की काचधाग्यांची मॅट अंथरायची, हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) मिसळलेलं रेझिन ब्रशने लावून ती भिजवायची, रोलर फिरवून आतली हवा काढायची आणि पुन्हा पुढचा थर. रोलर नीट फिरला नाही तर बुडबुडे राहतात आणि पुढे तिथूनच सालं सुटतात. हार्डनर जास्त पडलं तर रेझिन भलतंच तापून तडकतं, कमी पडलं तर महिनोन्‌महिने चिकट राहतं.

बाहेरचं फायबर, मधे फोम आणि आतून पुन्हा फायबर, अशी ही भिंत. लोखंडी गर्डरमध्ये वरची-खालची पट्टी ताण आणि दाब घेते आणि मधलं पान त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतं, तसंच इथे. दोन पातळ पत्रे जवळजवळ असते तर सहज वाकले असते, मधल्या फोममुळे ते कडक होतात. त्यात तुकडा दोन्ही दिशांनी वक्र असतो. अंड्याचं कवच इतकं पातळ असूनही मुठीत दाबून फुटत नाही, त्यामागेही दुहेरी वक्रताच आहे.

हे साहित्य किती चिवट असतं याचा एक जुना पुरावा अमेरिकेत आहे. डिस्नेलँडमध्ये १९५७ साली मोन्सँटो कंपनीचं प्लॅस्टिकचं 'भविष्याचं घर' उभं राहिलं होतं. १९६७ मध्ये ते पाडायला घेतलं तेव्हा इमारती पाडण्याचा लोखंडी गोळा भिंतीवर आपटून उसळून परत यायला लागला, आणि शेवटी साखळ्यांनी आवळून, चिरडून त्याचे तुकडे करावे लागले.

जोडणी

फुतुरोचं कवच १६ तुकड्यांचं आहे: आठ खालचे, आठ वरचे. कापलेल्या संत्र्याच्या फोडींसारखे. उभारणीचा क्रम असा:

आधी जमिनीत काँक्रीटचे चार खुंट. पाया एवढाच. सलग जोतं नाही, जमीन सपाट करणं नाही. खुंटांची उंची कमीजास्त ठेवली की २० अंशांपर्यंतच्या उतारावरही घर सपाट बसतं. त्यावर लोखंडी पाय आणि पायांवर गोल लोखंडी कडं. कड्यात खालच्या आठ फोडी बसवून एकमेकींना नट-बोल्टने आवळायच्या, की वाडगा तयार होतो. मग घरातली जमीन, आणि वर दुसऱ्या आठ फोडी. वरच्या आणि खालच्या भागांचा जोड बरोबर मध्यावर, सगळ्यात रुंद जागी येतो. शेवटी ऍक्रेलिकच्या खिडक्या, वीज, नळ आणि विमानासारखा खाली उघडणारा दरवाजा. दरवाज्याच्या आतल्या बाजूलाच पायऱ्या असतात, त्यामुळे तो उघडला की जिना तयार.

दोन दिवसांत घर उभं, किंवा तेवढ्याच वेळात सुटं करून दुसरीकडे. दुसरा मार्ग म्हणजे कारखान्यातच पूर्ण जोडून हेलिकॉप्टरखाली टांगून न्यायचं. रस्ता नसलेल्या डोंगरासाठी हा उपाय खरोखर कामाचा होता. आठ मीटर रुंदीची अख्खी वस्तू ट्रकवरून नेणं मात्र जिकिरीचं, आणि ही अडचण फुतुरोच्या पुढच्या आयुष्यात पुन्हापुन्हा आली.

आत किती जागा

मध्यावर मोजलं तर ५० चौरस मीटर, म्हणजे साधारण ५४० चौरस फूट. पण पाय टेकतात ती जमीन मध्याच्या खाली असते आणि तिथे वर्तुळ लहान होतं. जमीन मध्यापासून एक मीटर खाली धरली तर त्रिज्या सुमारे साडेतीन मीटर येते आणि क्षेत्रफळ ४०० चौरस फुटांच्या आसपास. मुंबईच्या भाषेत मोठा वन आरके. त्यातच छोटं स्वयंपाकघर, न्हाणीघर, एक निजायची खोली आणि बाकीच्या भागात भिंतीलगत गोलात आरामखुर्च्या, ज्या रात्री पसरून पलंग होतात. मधोमध शेगडी.

अडचण भिंतीची होती. भिंत मध्यावर अर्धा मीटरहून जास्त बाहेर फुगते आणि वर-खाली आत येते. बाजारातलं कुठलंही कपाट तिला टेकत नाही. म्हणून फर्निचर कारखान्यातूनच, त्याच वळणाचं आलं. शनिवार-रविवारसाठी ते छान, पण कायम राहणाऱ्या कुटुंबाला पुस्तकं, गाद्या, सायकल, आजीची ट्रंक हे सगळं कुठेतरी ठेवावं लागतं. शिवाय मूल झालं म्हणून एक खोली वाढवावी, तर ते शक्य नव्हतं. बंद लंबगोलाला भर घालायला बाजूच नसते.

सूरोनेन यांना हे उमगलं असावं. फुतुरो बनवणाऱ्या पॉलिकेम या कंपनीसाठीच त्यांनी 'कासा फिनलांदिया' नावाची मालिका केली. तिच्यातलं १९७१ चं व्हेंतुरो हे घर चौकोनी आहे, कोपरे गोलावलेलं, मोठ्या काचांचं. रोजच्या वापराला ते कितीतरी सोयीचं. चित्रांत मात्र फुतुरोच येत राहिलं.

विक्री कुठे अडली

ऑक्टोबर १९६८ मध्ये फिनलंडच्या निर्यातीचं प्रदर्शन लंडनला एका जहाजावर भरलं आणि फुतुरो तिथे जगापुढे आलं. मग परदेशांत परवाने दिले गेले. अमेरिकेत उत्पादन फिलाडेल्फियाच्या फुतुरो कॉर्पोरेशनने हाती घेतलं आणि तिथे किंमत १२,००० ते १४,००० डॉलर होती. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला घरं तयार झाली. १९७४ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत तिथल्या एका फुतुरोमध्ये बँकेची शाखा चालली.

तरी जगभरात मिळून शंभरही घरं झाली नाहीत. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: १९७३ चं तेलसंकट. ऑक्टोबर १९७३ च्या अरब निर्बंधांनंतर काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेला. रेझिन आणि फोम दोन्ही तेलापासूनच बनतात, त्यामुळे साहित्याचा खर्च भडकला. शेवटचा घाव तेलाने घातला, हे बरोबरच आहे.

पण १९६८ ते १९७३ ही पाच वर्षं तेल स्वस्त होतं, प्रसिद्धी भरपूर होती आणि तरी मागणी आली नाही. आमच्या मते खरी कारणं त्या पाच वर्षांत शोधायला हवीत. फिनलंडमध्ये पहिलं विकलेलं घर पुलावेसी तलावाकाठी बसलं आणि ते निसर्गात विसंगत दिसतं म्हणून लोकांनी विरोध केला. अमेरिकेत अनेक नगरपालिकांच्या बांधकाम नियमांत ते बसेना, त्यामुळे परवानगी मिळेना. बँका कर्ज द्यायला कचरत. बँकेच्या बाजूने पाहिलं तर ते समजण्यासारखं आहे. कर्ज बुडालं तर विकायला जमीन उरते आणि वर एक घर, जे कुणी रातोरात सोडवून घेऊन जाऊ शकतं. १,००० डॉलरची अनामत भरलेले काही ग्राहक ती सोडून मागे फिरले.

आणखी एक गोष्ट उत्पादनातली आहे. साच्यातली घरं स्वस्त पडायची तर साच्याचा खर्च हजारो घरांवर वाटला गेला पाहिजे. हाताने थर चढवून वर्षाला मूठभर घरं काढली तर प्रत्येक घर जवळजवळ हातमागावरच्या कापडासारखं महाग पडतं. स्वस्त झाल्याशिवाय खप नाही आणि खप झाल्याशिवाय स्वस्त नाही. या फेऱ्यात अडकलेलं कारखान्यातलं घर फुतुरो एकटं नाही. डोंगरातल्या मुक्कामासाठी आखलेली उत्तम वस्तू 'सगळ्यांचं घर' म्हणून विकायला काढली, ही चूक आम्हाला त्याच्या गोष्टीत सगळ्यात मोठी वाटते.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. तैवानमधल्या सानझी इथल्या ओसाड, रंगीबेरंगी 'तबकड्यां'चे फोटो फुतुरो म्हणून फिरतात. ती वेगळी घरं होती आणि २००८ च्या अखेरीपासून पाडली गेली. खरी फुतुरो आणि व्हेंतुरो तैवानमध्ये आहेत ती वानली या किनाऱ्यावरच्या ठिकाणी.

पन्नास वर्षांनी काय बिघडतं

आज साधारण साठ फुतुरो शिल्लक असल्याचं मानलं जातं. फिनलंडमध्ये एस्पो इथल्या वीगी प्रदर्शन केंद्रात, जर्मनीत म्युनिकच्या पिनाकोथेक देर मोडेर्न संग्रहालयापाशी, ऑस्ट्रेलियात कॅनबेरा विद्यापीठात अशी ती पाहायला मिळतात. बाकी बरीच शेतांत, रस्त्याकडेला, झाडीत पडून आहेत. त्यांच्या तब्येतीच्या तक्रारी जगभर सारख्याच आहेत.

पहिली तक्रार जेलकोटची. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो भुसभुशीत होतो, हात फिरवला की पांढरी पूड लागते. तो झिजला की खालचे काचधागे उघडे पडतात आणि त्यांच्या कडेकडेने पाणी आत शिरतं. नुसता वरून रंग मारून भागत नाही. पूड घासून काढून, भिंत पूर्ण वाळवून मगच नवा थर द्यावा लागतो, नाहीतर आतला ओलावा रंगाखाली फोड आणतो.

दुसरी खिडक्यांची. ऍक्रेलिक उष्णतेने फायबरच्या दुपटीहून जास्त फुगतं. हिवाळ्याची थंडी आणि उन्हातला तापलेला पृष्ठभाग यांत ६० अंशांचा फरक धरला तर एक मीटर ऍक्रेलिक सुमारे चार मिलिमीटर वाढतं, तेवढंच फायबर दीड ते दोन. ही ओढाताण दर वर्षी चालू राहते आणि कडेचं सील फाटतं. म्हणून नवी खिडकी बसवताना भोकं स्क्रूपेक्षा मोठी पाडायची आणि कडेला जागा सोडायची. जुन्या ऍक्रेलिकला थिनर किंवा स्पिरिट तर लावूच नये. त्यात साचलेला ताण असतो आणि अशा द्रवाने क्षणात बारीक तड्यांचं जाळं उमटतं. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ कापड पुरे.

तिसरी, आणि सगळ्यात वाईट, भिजलेल्या फोमची. अँटेना, एसी, पाइप यांसाठी मालक भिंतीला भोकं पाडतात आणि ती नीट बुजवत नाहीत. फोमच्या थरात शिरलेलं पाणी बाहेर यायला वाट नसते. ते गोठतं, फुगतं आणि फायबरला फोमपासून सोडवतं. ओळखायची पद्धत साधी: लाकडी हातोडीने हळूहळू ठोकत जायचं. घट्ट जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी पोकळ. पोकळ भागाभोवती खडूने रेघ मारत गेलं की दुरुस्तीचा नकाशाच तयार होतो.

लोखंडी कडं गंजतं, विशेषतः समुद्राजवळ, आणि गंज फुगून फायबरला आतून ढकलतो. आगीचा धोका वेगळाच. पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेन दोन्ही जोरात पेटतात आणि धूर विषारी असतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या हॅटरास बेटावरचं फ्रिस्को इथलं प्रसिद्ध फुतुरो ऑक्टोबर २०२२ मध्ये आगीत गेलं.

जुनं फुतुरो हलवायचं असेल तर सगळं यश बोल्टवर ठरतं. पन्नास वर्षांत ते गंजून नटाला धरलेले असतात, काही आतल्या अस्तराखाली दडलेले असतात. मग वैतागून करवत चालवली जाते आणि घर सोयीच्या जागी दोन किंवा चार भागांत कापलं जातं. मूळ जोडाला आत वळलेल्या जाड कडा असतात, बोल्ट त्यांच्यातूनच आवळले जातात आणि जोडातलं सील तिथेच दाबलं जातं. करवतीच्या कापाला अशा कडा नसतात. नव्या जागी तिथे आतून-बाहेरून फायबरचे थर चढवून भिंत सांधावी लागते, आणि एवढं करूनही पुढच्या पावसाळ्यात पाणी बहुधा त्याच रेषेतून झिरपतं. गंजलेला बोल्ट सोडवायला तेल सोडून दोन-तीन दिवस थांबावं, तरी सुटला नाही तर नटच छिन्नीने किंवा ग्राइंडरने कापावा, आणि ठिणग्या फोमवर पडू नयेत म्हणून ओलं पोतं मधे धरावं. सोडवलेल्या प्रत्येक फोडीवर क्रमांक टाकायला विसरू नये. साचा एकच असला तरी इतक्या वर्षांत प्रत्येक फोड आपल्या शेजारणीबरोबर थोडी वाकलेली असते, आणि जागा बदलली की बोल्टांची भोकं जुळत नाहीत.